गुहेचं उत्तर

"आत्या, हा आवाज माझाच आहे ना? मग तो माझा का वाटत नाही?" हेडफोन काढत ऊर्वीने विचारलं.

चंद्रावरच्या गुहावस्तीवर चित्रपट तयार होत होता. नऊ वर्षांची ऊर्वी त्यात अंधारातून हाक मारते, "आई, मी इथे आहे!" पण हवा खेळवणाऱ्या पंख्यांच्या घरघरीने सगळेच संवाद बिघडले होते. म्हणून ते गाद्या लावलेल्या छोट्या खोलीत पुन्हा म्हणून घेतले होते.

शाल्मलीआत्या ध्वनिअभियंता (चित्रपटातले आवाज टिपून जुळवणारी) होती. ती म्हणाली, "गाद्यांनी आवाज पिऊन टाकला. गुहेत तुझी हाक भिंतींवर आपटून हजार वाटांनी परत येते. जवळच्या भिंतीवरून आधी, लांबच्या भिंतीवरून उशिरा. यात ते काहीच नाही."

"मग गुहेत जाऊन म्हणूया!"

"दीड तासाचे संवाद? पंखे दोनच मिनिटं बंद मिळणार आहेत. आणि चार वाजता गुहेतली हवा काढून घेणार."

ऊर्वीचा चेहरा उतरला. वस्ती नव्या घुमटात हलली होती. हवा गेली की तिच्या जन्मघरात पुन्हा कधीच आवाज उमटणार नव्हता.

"दोन मिनिटांत काय होणार?"

"फुगा फुटणार," आत्या म्हणाली.

गुहेत जाताजाता तिने समजावलं. "फुगा फुटल्याचा आवाज म्हणजे क्षणभराचं एक टिंब. त्या टिंबाला गुहा जे उत्तर देते, तो तिचा आवेग-प्रतिसाद (एका क्षणिक ठोक्याला जागेने दिलेलं पूर्ण उत्तर). आता तुझी हाक म्हणजे काय? लहानमोठ्या टिंबांची लांबलचक रांगच. संगणक प्रत्येक टिंबाला गुहेचं उत्तर जोडतो. टिंब मोठं तर उत्तर मोठं, टिंब उशिरा तर उत्तर उशिरा. मग सगळ्या उत्तरांची बेरीज करतो."

"म्हणजे एका फुग्यावरून सगळं बोलणं?"

"बोलणं, रडणं, तुझं घोरणंसुद्धा!"

पंखे थांबले. फट्!

"सतरा!" ऊर्वी ओरडली.

वस्तीचा नियमच होता तसा. स्फोटासारखा आवाज झाला की हवा गळत असेल, म्हणून प्रत्येकाने लगेच आपला क्रमांक ओरडायचा. ऊर्वी बोलायला शिकली तीच या नियमासोबत.

"सतराबाई, तुम्ही गुहेला बोलूच दिलं नाहीत!" आत्या हसली, पण घड्याळ पाहताच तिचं हसू मावळलं. "एकच फुगा उरलाय. वेळही तेवढाच."

ऊर्वीने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

फट्!

'सतरा' घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला. तेवढ्यात तिला ते ऐकू आलं. आवाज आधी जवळच कोसळला, मग बोगद्यातून दूर धावत गेला, वळणावर मऊ झाला, आणखी आत कुठल्याशा पोकळीत घुमला आणि विरत विरत गेला. ऊर्वीच्या अंगावर काटा आला. इथेच तर ती वाढली होती, पण गुहेला शेवटपर्यंत बोलू द्यायची ही तिची पहिलीच वेळ.

चार वाजता हवा काढली गेली. संध्याकाळी आत्याने गुहेचं उत्तर जोडलेली ऊर्वीची हाक संगणकावर लावली, "आई, मी इथे आहे!" ऊर्वीची आई दारातच थबकली. "अगं, हे तर आपलं घर!"

"मंगळावरच्या गुहांमध्येही हवा भरणार आहेत ना?" ऊर्वीने विचारलं. "तिथे पहिला फुगा मी फोडणार."

"आणि क्रमांक?"

ऊर्वी हसली. गाद्यांच्या खोलीत जाऊन तिने दुपारपासून घशात अडकलेला शब्द मायक्रोफोनमध्ये हळूच म्हटला, "सतरा."

हेडफोनमध्ये गुहेने उत्तर दिलं, अगदी शेवटच्या वळणापर्यंत.