दोन प्रती

"घर अगदी खायला उठतं गं वहिनी," असं नणंद पुन्हा एकदा म्हणाली, तेव्हा डॉक्टर तिला उठवून चित्रांच्या दालनात घेऊन गेली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर नणंदेने लहानसं घर घेतलं होतं. राहायची एकटीच. भिंतींवर साधा खिळाही नव्हता.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होती. शस्त्रक्रिया चालू असताना माणसाच्या उशाशी उभं राहून त्याचा श्वास आणि नाडी सांभाळायची, हे तिचं काम. वाटलं, भासलं, असल्या शब्दांना तिच्याकडे थारा नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यापुढे भूत आलं तर ही आधी त्याचा रक्तदाब बघेल."

दालनात त्या चित्रापाशी दोघी एकदमच थांबल्या. एक खोली, डावीकडे बंद दार, समोर उंच खिडकी. खिडकीशी पाठमोरी बाई, केसांचा सैल अंबाडा, एक हात चौकटीवर. सगळं काळ्या शाईच्या केसासारख्या बारीक रेघांत.

"छापचित्र आहे," दालनाच्या मालकीणबाई म्हणाल्या. "तांब्याच्या पत्र्यावर कोरून हाताने छापलेलं. मोजक्या प्रती काढल्या आणि पत्रा बाद केला. आता या दोनच उरल्यात."

"मग एक तुला, एक मला," डॉक्टर म्हणाली. नणंद किती दिवसांनी मनापासून हसली.

डॉक्टरने आपली प्रत घरी बाहेरच्या खोलीत लावली. नवरा कामासाठी परगावी होता. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे चित्र म्हणजे नुसता करडा चौकोन. त्यामुळे त्याच्याकडे नीट बघणारी ती एकटीच. चहाचा कप घेऊन ती समोर बसायची आणि ते चित्र तिला आवडत जायचं.

एका सकाळी तिला त्या बाईचा कान दिसला.

आधी दिसत नव्हता का? असेल, आपलंच लक्ष नसेल. तिने पडदा ओढला, पुन्हा उघडला, बाजूने बघितलं. कान होता. अंबाड्यातून सुटलेली एक बट त्याच्यामागे अडकवलेली होती.

मग गालाची कड दिसू लागली. डॉक्टरने चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता. ती कुणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय, आणि कोणत्या तोंडाने?

रविवारी नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ती फोन ठेवीना.

"वहिनी, हसणार नसशील तर एक विचारू?"

"विचार."

"तुझी ती... कुठे बघते गं?"

डॉक्टरने मान वळवून भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. "खिडकीबाहेर," ती म्हणाली. मग तिलाच राहवेना. "आधी खिडकीबाहेर बघत होती."

पलीकडून नणंदेचा श्वास ऐकू आला. तो फार उथळ होता. कामाच्या सवयीने ते डॉक्टरच्या ध्यानात आलं.

"माझी खूप वळलीय," नणंद म्हणाली. "मी तिच्याकडे पाठ करून जेवते आता."

दालनातून चित्रकाराचा पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी दोघींनी आपापलं चित्र उतरवलं. डॉक्टरने चादर गुंडाळताना मुद्दामच काचेकडे पाहिलं नाही. नणंदेनेही पाहिलं नव्हतं. तसं तिने गाडीत बसल्या बसल्या सांगितलं.

चित्रकार वयस्कर होते, बोलायला मोकळे. कार्यशाळेत शाईचा आणि रॉकेलचा वास भरला होता. मधोमध छापायचं लोखंडी यंत्र, दोरीवर ओले कागद वाळत घातलेले. डॉक्टरने जमेल तेवढ्या सरळ शब्दांत विचारलं, "त्या चित्रातली बाई तुम्ही कुणावरून काढलीत?"

"कुठली बाई?"

"खिडकीशी उभी आहे ती."

ते हसले. "बाई, गल्लत होतेय तुमची. ती खोली रिकामी आहे. माणसं मला जमतच नाहीत. उभ्या जन्मात मी माणूस काढलेला नाही."

त्यांनी कपाटातून तांब्याचा पत्रा काढून उजेडात धरला. बाद केल्याची तिरकी रेघ आरपार गेलेली. पत्र्यावर सगळं उलटं असतं, त्यामुळे दार उजवीकडे होतं. मधे खिडकी. खिडकीशी कुणीही नव्हतं. डॉक्टरने पत्र्यावरून बोट फिरवलं. रेघा बोटाला लागत होत्या. जिथे ती बाई असायला हवी होती, तिथे फक्त खिडकीचे गज होते, सलग, कुठेही न तुटलेले.

"दाखवा बघू तुमच्या प्रती," ते म्हणाले.

चादरी सुटल्या.

दोन्ही चित्रांत खोली रिकामी होती.

नणंदेने तोंडावर हात धरला आणि ती रडल्यासारखं हसू लागली. "वेड लागलंय आपल्याला वहिनी! दोघींना एकदम!" डॉक्टरच्याही छातीवरचं ओझं उतरलं. दोघींची मनं थकलेली, एकीचं बघून दुसरीला दिसलं असेल. असं होतं.

चित्रकार मात्र हसत नव्हते. त्यांनी भिंग आणलं. एका प्रतीवर धरलं, मग दुसरीवर.

"सही माझी आहे," ते हळू म्हणाले. "प्रतीचा आकडाही माझ्याच हातचा. पण हे दार मी बंद काढलं होतं."

दोन्ही प्रतींत दार उघडं होतं.

चित्रं तिथेच ठेवून दोघी निघाल्या. नणंदेने डॉक्टरला तिच्या फाटकाशी सोडलं आणि हात हलवून ती पुढच्याच गल्लीतल्या आपल्या घराकडे गेली.

भर दुपार होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, तोंड फुगवून.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

"मला काय विचारतेस? मघापासून खिडकीशी पाठ करून उभी आहेस. हाका मारून घसा बसला माझा. मान वळवायला काय जात होतं तुझं?"

"मी आत्ता येतेय, आई."

"हो का? मग आत्ता माझ्या अंगावरून आतल्या खोलीत गेली ती कोण?"

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. डॉक्टरने ढकलून पाहिलं. आतून कडी होती.

तिने सासूबाईंचा दंड धरला, त्यांना जवळजवळ उचलूनच फाटकाबाहेर आणलं आणि नणंदेला फोन लावला. घंटी वाजत राहिली. शेवटी फोन उचलला गेला.

"अगं, आत्ताच पोचले," नणंद म्हणाली. जिना चढून तिला धाप लागली होती. "दारातच उभी आहे. कुलूप काढलं, पण दार काही उघडेना."

"आत जाऊ नकोस. ऐकतेस ना? आहेस तशी खाली ये."

"थांब गं जरा," नणंद म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, थोडा सुटका झाल्यासारखासुद्धा. "उघडतेय ती."