लाल डागाचा रुमाल

"वृंदा, लगेच वर ये. माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

फोन चित्राचा होता. रविवारची सकाळ, दोन जून २०२४. वृंदाने ओट्यावर शुक्रवारपासून पडलेली पेजेची वाटी बाजूला सारली, शेगडी बंद केली. "आई, चित्रावर आळ आलाय. येताय?" सुचेताबाई नखावरची मतदानाची शाई चोळत बसल्या होत्या. पुण्यात मत देऊन दुसऱ्याच आठवड्यात त्या मुलाकडे आल्या होत्या. एरवी वर जायचं म्हटलं की सुनेच्या आधी चपला घालणाऱ्या या बाई आज नको म्हणाल्या.

रॉटरडॅमच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर इलारियाआजी राहत. मूळच्या इटलीच्या, वय नव्व्याण्णव, नजर अधू, जीभ तिखट. वृंदाची मैत्रीण चित्रा रोज सकाळी त्यांचं सगळं करायला यायची. तीन वर्षं डच भाषेशी झटापट करून तिने ही नोकरी मिळवली होती.

आजींचा सत्तरीचा मुलगा मार्को रिकामा पत्र्याचा डबा घेऊन उभा होता.

"काय गेलंय?" वृंदाने विचारलं.

"आईचा रुमाल. लाल डागाचा."

आता एका रुमालासाठी एवढा गहजब? पण गोष्ट तशी नव्हती. १९४६ साली याच तारखेला, राजा हवा की प्रजासत्ताक, यावर इटलीने मत दिलं. देशाच्या मतदानात बायका पहिल्यांदाच उतरल्या होत्या. एकवीस वर्षांची इलारिया लिपस्टिक लावून, नटून गेली. रांगेतल्या एकीने सांगितलं, आधी ओठ पूस. मतपत्रिका जिभेने ओली करून चिकटवायची असते, रंग लागला तर मत बाद. तिने रुमालाने ओठ पुसले. वडिलांनी राजाला मत द्यायला बजावलं होतं, तिने प्रजासत्ताकाला दिलं. तोच हा रुमाल, दर दोन जूनला डब्यातून निघणारा.

"शेवटचा कधी पाहिलात?"

"गुरुवारी," आजी म्हणाल्या. "तुझ्या सासूला दाखवला."

"नंतर कोण आलं?"

"मी आणि ही," मार्को म्हणाला. "तुमच्या सासूबाई दुपारी येतात. काल मी फोनवर भाषांतर करून त्यांनाही विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. उद्या मी हिच्या एजन्सीकडे तक्रार करणार."

"तक्रार गेली की मला कुणी घरात घेणार नाही," चित्रा म्हणाली. ती रडत नव्हती. वृंदाला ते जास्त लागलं.

सॉफ्टवेअरमधले दोष हुडकणं ही वृंदाची नोकरी. काय गेलं हे सगळेच बघतात, ती काय बदललं ते बघायची. तिने रुमालांचा खण उघडला.

"तिथे तीनदा पाहिलं," मार्को म्हणाला.

"काय शोधत होतात?"

"लाल डाग. दुसरं काय?"

आत सहा पांढरे रुमाल होते. पाच मऊ, चुरगळलेले. सहावा जुना, विरलेला, पण घडी कडक. वृंदाने तो हुंगला.

"चित्रा, तू यांना खळ घालतेस?"

"मशीनमधून काढून घडी घालते. इथे खळ कोण घालतं ग?"

वृंदाने फोन करून सासूबाईंना वर बोलावलं. त्या आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"रुमाल चोरीला गेलाच नाही," वृंदा म्हणाली. "डाग गेला. मार्को, तुम्ही लाल रंग शोधत होतात, म्हणून हाताखालचा पांढरा रुमाल दिसला नाही. याला पेजेची खळ आहे. पेजेची वाटी आमच्या ओट्यावर आहे. आई, तुम्ही धुतलात ना?"

सुचेताबाई चपला काढून आत आल्या.

"गुरुवारी त्यांनी माझ्या शाईकडे बोट दाखवलं, मग त्या डागाकडे. मला वाटलं, म्हणतायत, माझाही डाग निघत नाही. त्यांना नीट दिसलं नसेल, पण मी तो घरी नेला. साबण, लिंबू, मीठ, ऊन, सगळं केलं. शुक्रवारी परत आणला तेव्हा त्या झोपल्या होत्या, म्हणून खणात ठेवला."

मी मत दिलं तसंच तूही दिलंस, एवढंच आजींना म्हणायचं होतं.

वृंदाने रुमाल त्यांच्या हातात दिला. आजींनी तो अगदी डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मांडीवर ठेवून दिला.

"आई घाबरल्या," वृंदा घाईघाईने मार्कोला इंग्रजीत सांगू लागली. "पाहुण्या आहेत, पोलीस येतील, मुलाची नोकरी जाईल असं वाटलं. सगळं मिस्टेकने झालं."

"मिस्टेक म्हणू नकोस," सुचेताबाईंनी तिला अडवलं. "तेवढा शब्द मला कळतो. धुतला चुकून. काल मान हलवली ती मुद्दाम. आजवर तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं तेच बटण दाबत आले, कधी तोंड उघडलं नाही. पण या पोरीचं नाव पुढे आल्यावरही गप्प बसले. हे सगळं सांग त्यांना."

वृंदाने शब्दाला शब्द सांगितलं. मार्कोने मान खाली घातली. चित्रा खुर्चीवर बसली आणि तेव्हा कुठे रडली.