काजळीचा रंग

आफरीन आणि उमेरची गाठ पडली ती एका काळ्या काचेवरून. रत्नागिरीच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत वेल्डिंगची काच एकच, आणि ती दोघांनाही एकाच वेळी हवी होती. सरांनी भांडण ऐकलं आणि दोघांना एकाच प्रकल्पावर बसवलं. झालं!

प्रकल्प तरी कसला— हेलियम भरलेल्या पोलादी डब्यात ग्रॅफाइटच्या दोन कांड्या, मधे इवलीशी फट. वीज सोडली की फटीत डोळे दिपवणारा जाळ पेटायचा, कार्बनची चक्क वाफ व्हायची आणि डब्याच्या भिंतींवर काजळी धरायची. त्या काजळीत कार्बनचे पोकळ चेंडू असतात म्हणे, फुटबॉलसारखे! काजळी टोल्युइन या द्रावकात घोळवायची. लालसर जांभळा रंग आला की चेंडू मिळाले. आतापर्यंत रंगाने काही तोंड दाखवलं नव्हतं.

"आजही नाय आला, तर मामूंना हो सांगतो," उमेर म्हणाला. "दोह्याला नोकरी बघितलीय त्यांनी. संध्याकाळी फोन येईल."

जाऊ नकोस, एवढंच तर आफरीनला म्हणायचं होतं... तिने काच डोळ्यांपुढे धरली.

"कांडी पुढे घे... अजून... अरे, चिकटवशील!"

"कांडीकडे बघतेस, की माझ्याकडे?"

"काचेतून तू दिसत नाहीस. बरंच आहे ते."

तेवढ्यात वीज गेली. रोजचंच भारनियमन. डबा निवल्यावर घामाघूम दोघांनी झाकण उघडलं आणि नेमकी वीज आली. पंखा बंद करायचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं! काजळी भर्रकन उडाली— उमेरच्या भुवयांवर, आफरीनच्या पांढऱ्या ओढणीवर.

"गेलं सगळं..." तिला रडूच आलं.

"रडतेस काय गो? ओढणीचं टोक दे."

तिने कात्री घेतली आणि काळं झालेलं टोक कापूनच दिलं. उमेरने ते टोल्युइनमध्ये घोळवलं, गाळणकागदातून गाळलं. दोघं वाकून बघू लागले. खाली थेंब थेंब उतरलं ते कोकमाच्या सरबतासारखं, लालसर जांभळं.

"ओढणीचा तर रंग नाय ना?"

"पांढरीचा कसला रंग जातोय!" ती रडता रडता हसली. मग हळूच म्हणाली, "आणि आला नसता तर... गेला असतास?"

"नाय. मामूंना नाय म्हणायला निमित्त हवं होतं. खरं कारण म्हणून तुझं नाव सांगायचं, तर आधी तुला विचारायला नको?"

"मग विचार ना," आफरीन म्हणाली. "फोन यायच्या आत."