दुसऱ्या प्लेटचा माणूस

अकोल्यात मे महिन्यात संध्याकाळी साडेसातलाही रस्ता तव्यासारखा तापलेला असतो. त्यात गुरुवार, म्हणजे रोजच्या जेवणाची वच्छलाबाईंची खानावळ बंद. रागिणीच्या खोलीत बिस्किटाचा पुडाही उरला नव्हता. जठारपेठेच्या कोपऱ्यावर एका नव्या हॉटेलातून वाळ्याच्या कूलरचा ओला वास आला आणि ती त्या वासामागून आत शिरली. पाटी तिने नंतर वाचली : 'रोमा-बर्लिन. इटालियन व जर्मन भोजन. शुद्ध शाकाहारी.'

आत सहा टेबलं, पाचांवर कुटुंबं. सगळ्यांनी एकदा मान वळवून पाहिलं. तेहतिशीची बाई, खांद्याला पिशवी, सोबत कोणी नाही. वाईट हेतूने कोणी पाहत नव्हतं. नवरा कुठे, माहेर कुठलं, ओळखीपाळखीत कोणाची कोण, एवढंच लोक मनातल्या मनात लावून पाहत होते.

"किती जण?" काउंटरमागच्या उंच, ॲप्रनवाल्या माणसाने विचारलं.

"दोन," रागिणीच्या तोंडून निघून गेलं. "ते... येतीलच."

त्याने दोन प्लेटी मांडल्या. रागिणीने फोन कानाला लावला आणि पलीकडे कोणी नसताना म्हणाली, "हो, मी बसलेय. या सावकाश." तेवढ्याने पाचही टेबलं आपापल्या जेवणाकडे वळली. पाऊण तासाने दुसरी प्लेट जशीच्या तशी कोरडी होती.

"त्यांना जमत नाही वाटतं," ती म्हणाली. "त्यांचं पार्सल द्याल?"

ते पार्सल तिने दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत उभ्याउभ्या खाल्लं.

रागिणी माती परीक्षण प्रयोगशाळेत होती. कोणाच्या वावरात काय कमी आहे, हे ती चार चिमटी मातीवरून सांगायची. तिच्याबद्दल विचारणारंच आता कोणी उरलं नव्हतं. शेंदूरजनाघाटला वडलांची संत्र्याची बाग होती. फोनवर आधी स्थळांच्या गोष्टी निघायच्या, मग संत्र्याच्या, हल्ली नुसत्या हवेच्या.

पुढच्या गुरुवारी ती परत गेली. दोन प्लेटी न विचारता मांडून झाल्या होत्या.

"साहेबांना आंबट कोबी कसा वाटला?" ॲप्रनवाल्याने विचारलं. त्याचं नाव किशोर. आठ वर्षं जर्मनीत, एका इटालियन माणसाच्या हॉटेलात, त्याच्या जर्मन बायकोच्या हाताखाली तो स्वयंपाक शिकला होता. म्हणून मेनूच्या एका बाजूला लझान्या आणि दुसऱ्या बाजूला आलूची धिरडी. कोबी मीठ लावून बरणीत दाबायचा आणि आंबेपर्यंत ठेवायचा. तिकडे याला तीन आठवडे लागतात, अकोल्याच्या उन्हात पाच दिवस पुरे.

"जरा जास्तच आंबट म्हणाले," रागिणीने आपलं मत साहेबांच्या नावावर खपवलं.

"हं," तो म्हणाला.

त्यानंतरच्या गुरुवारी त्याने वाटी पुढे ठेवली. "बरणी एक दिवस आधी काढली. त्यांना विचारून सांगा."

असे गुरुवार जात राहिले. साहेबांना लझान्यात मिरं कमी लागायचं, सूप दाट लागायचं. किशोर ऐकायचा आणि पुढच्या खेपेला तसंच करायचा. अख्खी जठारपेठ एका नसलेल्या माणसाच्या चवीने जेवू लागली.

"तुमच्या मिस्टरांची जीभ मोठी बारीक आहे, मॅडम."

"जीभच तेवढी. बाकी काही कळत नाही त्यांना."

"असं नका म्हणू."

"का? तुम्ही त्यांच्या बाजूचे?"

"मी कोणाच्या बाजूचा नाही. मी फक्त पार्सल बांधतो."

पण पार्सलची दोरी बांधताना तो गाठ मारायला जरा जास्तच वेळ घ्यायचा — हे तिला दिसत होतं. गुरुवारी त्याचा शर्ट इस्त्रीचा असतो, हेही. मनगटावर भाजल्याची जुनी खूण. आणि सगळ्यांची जेवणं वाढून झाली की स्वयंपाकघराच्या दारामागे, ओट्याला टेकून, एकट्याने भाकर-ठेचा खाणं. लोकांना दोन देशांचं जेवू घालणारा हा माणूस स्वतः कधी बसून जेवत नाही. तिला विचारावंसं वाटायचं, काहून? पण मिस्टर असलेल्या बाईने ते कसं विचारायचं... तिने स्वतःच मधे एक माणूस बसवून ठेवला होता, आणि तो उठायला तयार नव्हता.

किशोरचे वडील नत्थुजी गुरुवारी मळ्यातला कोबी घेऊन यायचे आणि काउंटरवर बसायचे.

"आठ वर्षं परदेशात राह्यला अन् शिकला काय, त कोबी आंबवाले," ते रागिणीला म्हणायचे. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "बाई, तुमचा मानूस दिसते तरी कसा?"

"उंच आहेत," रागिणी म्हणाली. "बोलतात कमी. दुसऱ्यांचं सगळं लक्षात ठेवतात."

नत्थुजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि कोबीची पानं सोलत बसले.

नोव्हेंबरात बदलीचा कागद आला. अमरावती, सोमवारपासून हजर. रागिणीने कागद चार वेळा वाचला. अकरा वर्षांच्या अकोल्यात निरोप घ्यावा असं एकच ठिकाण आठवलं, आणि तिथे ती नसलेल्या नवऱ्याच्या नावाखाली जेवत होती.

गुरुवारी किशोर दोन प्लेटी घेऊन आला.

"एकच लावा," ती म्हणाली.

दुसरी प्लेट त्याच्या हातात राहिली. "भांडण झालं का?"

"नाही."

"मग त्यांची तब्येत...?"

"ते नाहीतच." ऑफिसातली भाषा तिला अचानक सोडून गेली, घरची आली. "कधी नव्हतेच. मले एकटीले जेवाची लाज वाटे. तुमी विचारलं किती जण, अन् तोंडातून दोन निघालं. मंग दर गुरुवारी तेच..."

"अन् ते पार्सल?"

"सकाळी मीच खात होती."

किशोर वळला. प्लेट घेऊन आत गेला. दार हललं, थांबलं.

शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता, लझान्याचे तुकडे मोजून वाटले जात होते. रागिणीने पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत चार टेबलं ओलांडायची होती.

"बस, पोरी," नत्थुजी काउंटरवरून म्हणाले. "तो बरणी धुंडून राह्यला. मले आवाज येते."

किशोर बाहेर आला. हातात तीच दुसरी प्लेट आणि एक वाटी. दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाला, "पूर्ण आंबवलेला कोबी. माझ्यापुरती एक बरणी वेगळी ठेवतो. खाऊन पाहा. आणि तुमच्या तोंडाने सांगा."

तिने घास घेतला. डोळे मिटले गेले. "खूप आंबट आहे."

"म्हणजे सहा महिने तुमचंच ऐकून राहिलो होतो मी." तो हसला नाही, पण त्याची मान सैल झाली. "मले त्या मानसाचा लय राग ये. बायको दर गुरुवारी वाट पाहते, अन् हा एकदाही येत नाही. म्हटलं, आपण असतो त —"

 शेजारच्या टेबलावर लझान्याचा सुरा प्लेटीवर वाजत होता.

"बोल पुढं," नत्थुजी म्हणाले. "कोबी थंडा होऊन राह्यला."

"कोबी थंडाच असते, बाबा."

"तुम्ही असता तर काय?" रागिणीने विचारलं, हळूच.

"तर वेळेवर आलो असतो."

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. "माझी बदली झालीय. सोमवारपासून अमरावती."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे आधी सांगाचं होतं."

"हे आधी सांगितलं असतं, तर नवरा नसल्याचं सांगायला तोंड उघडलं नसतं."

 मग त्याने समोरची खुर्ची ओढली, ॲप्रनसकट बसला, आणि तिच्या वाटीतला कोबी आपल्या प्लेटीत घेतला. पाचही टेबलांनी वळून पाहिलं.  तो सावकाश जेवला, बसून.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी 'रोमा-बर्लिन'च्या दाराला खडूने लिहिलेली पाटी लागली : 'गुरुवारी बंद.'

त्याच संध्याकाळी अमरावतीत, राजापेठेतल्या एका साध्या खानावळीत, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून रागिणी आत गेली. गाव नवं होतं. चार दिवसांत ऑफिसबाहेर कोणाशी शब्द बोलली नव्हती. टेबलांनी माना वळवून पाहिलं.

"किती जण?" वाढणाऱ्या गंगूबाईंनी विचारलं.

"दोन. ते येतीलच."

साडेसात झाले. पावणेआठ. यावेळी तिने फोन कानाला लावला नाही. माना परत वळल्या, तरी नाही. दर वेळी दार वाजलं की बाहेरची थंडी आत यायची, आणि एखादं अनोळखी कुटुंब.

सव्वाआठला गंगूबाईंनी दुसरं ताट उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, बाई," रागिणी फोनवर आलेला मेसेज वाचून म्हणाली. "त्यांची गाडी बडनेऱ्याला थांबलीय."

इतक्या गुरुवारांत हे पहिल्यांदाच खरं होतं.