ताटलीवरची बेटं

या बाळांनो, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. आज एका डोंगराची गोष्ट सांगतो. तो आपणच जमीन देतो आणि आपणच ती गिळतो. गोष्ट पुढच्या काळातली आहे, पण देवाची करणी काळ बघत नाही.

दूर दक्षिण समुद्रात लोआनी नावाची बेटं होती, एका ओळीत. टोकाच्या बेटावर वेणू आजोबांकडे राहायची. होडीतून जाताना तिला नेहमी कोडं पडे. आपल्या बेटाच्या डोंगरातून धूर येतो, शेजारचं बेट हिरवंगार, त्यापुढचं बुटकं आणि शेवटी तर डोंगरच नाही, पाण्यात नुसतं बांगडीसारखं एक कडं. असं ओळीने म्हातारं होत गेल्यासारखं का?

दिगूआजोबा ज्वालामुखींचे शास्त्रज्ञ. एकादशीला कीर्तनही करायचे. साथीला टाळ्या नावाचा यंत्रमानव. दिवसा तो डोंगरावर मोजमापं घेई, संध्याकाळी टाळ धरी. अंगणात नीरफणसाचं झाड होतं, वेणूच्या अनसूयाआजीने लावलेलं. आजी गेल्यापासून वेणू शाळेतून आली की आधी त्याच्या बुंध्याला हात लावायची, मग घरात पाऊल.

त्या संध्याकाळी टाळ्या परतला तो राखेने माखून.

"लाव्हा (डोंगरातून वाहून येणारा वितळलेला खडक) ओढ्याच्या वाटेने वळलाय. उद्या इथे पोचेल. गावाला नेणाऱ्या होड्या सकाळीच सुटतील."

"आणि झाड?" वेणूने विचारलं.

"झाडाला पाय नाहीत."

"तुला आहेत ना? मग जा, भिंत बांध."

"भिंत भरेपर्यंत तो थांबतो, वेणू. मग वरून येतो."

वेणू घरात गेली. शेजारच्या तुआला बाळ झालं होतं. गावात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला आजीच्या हातचं काजळ जायचं, आता ते काम वेणूचं. तिने निरांजन लावलं, तांब्याच्या ताटलीला तूप चोपडलं आणि ज्योतीवर पालथी धरली. हात हलू द्यायचा नाही, एवढाच नियम. पण खिडकीतून डोंगरमाथा लाल दिसत होता. तो धुमसला की वेणू दचके आणि हात थोडा सरके. ताटली उलटली तर काजळाच्या जाड थराऐवजी ओळीने काळे ठिपके.

"वाया गेलं," ती म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरले.

आजोबांनी ताटली हातात घेतली आणि बघतच राहिले. "वेणू, ज्योत हलली का?"

"नाही. ताटली हलली."

"बोट लावून बघ बरं."

शेवटचा ठिपका अजून गरम होता. आधीचा कोमट, पहिला अगदी गार.

"हेच तुझं कोडं," आजोबा म्हणाले. "पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठाले तुकडे आहेत, भूपट्ट म्हणतात त्यांना. नखं वाढतात ना, तितक्या हळू ते सरकतात. ही ताटली आपला भूपट्ट. आणि खोल खाली एक तप्तबिंदू (जिथून तापलेला खडक वर येत राहतो ती जागा) आहे, तो जवळपास जागचा हलत नाही. ती ज्योत."

"मग गरम ठिपका म्हणजे आपण."

"आपण. पुढे सरकलेल्या बेटाला नवा लाव्हा मिळत नाही. पाऊस त्याला चिरतो, लाटा डोंगराचे कडे पाडतात, खालचा भूपट्ट थंड होऊन खचतो. पोवळ्याचे जीव मात्र उजेडासाठी काठाकाठाने वर वाढत राहतात." त्यांनी ओलं बोट पहिल्या ठिपक्यावर फिरवलं. मधलं काजळ गेलं, कड राहिली. "डोंगर बुडतो, कडं उरतं. ते कंकणद्वीप."

वेणू त्या कड्याकडे बघत म्हणाली, "बुडवायचंच असतं तर देव बांधतो कशाला?"

"प्रत्यक्ष द्वारका समुद्राने घेतली, असं मी कीर्तनात किती वेळा सांगितलंय. दुसऱ्याची द्वारका असली की सांगायला सोपं जातं गं."  अंगणाकडे बघत आजोबा म्हणाले, "इथे आधी नुसता खडक होता. शेजारच्या बेटाची पावसाने फोडून फोडून माती केली, ती तुझ्या आजीने टोपल्यांनी आणली. लोक हसायचे, ही बाई समुद्रातून माती वाहून आणते म्हणून. त्या मातीत तिने मुळाचा फुटवा लावला. आपल्या नीरफणसाला बी नसतं ना."

वेणू उठून उभी राहिली. "मग याच्या मुळालाही फुटवा असेल."

"आहे," टाळ्या म्हणाला. "मी रोज त्याला चुकवून पाय टाकतो."

"मग आधी सांगायचं की रे."

"तू भिंत मागितलीस."

तिघांनी कंदिलाच्या उजेडात मुळासकट फुटवा काढला, आजीच्याच टोपलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी होडीतून त्यांनी पाहिलं. लाव्हा अंगणात आला. आधी पानं वळली, मग झाड उभंच्या उभं पेटलं. आजोबांनी हात जोडले. टाळ्याने टाळ एकदाच हलके वाजवला. वेणूने टोपली छातीशी धरली होती.

शेजारच्या बेटावरच्या मऊ लाल मातीत तिने फुटवा लावला. ताटलीवरचं काजळ खरवडून तुआच्या बाळाला तीट लावली. थोडंच होतं, पण पुरलं.

पुढे तो लाव्हा थंड झाला. फटींतून नेचे डोकावू लागले. त्याचीही कधीतरी माती होईल आणि कुणीतरी एक फुटवा घेऊन परत येईल. बाळांनो, घरी नीरफणसाचे काप तळले की पहिला घास घेण्याआधी, समुद्रातून टोपलीने माती वाहणाऱ्या अनसूयाआजीची आठवण काढा.