मिरचीच्या लाल रेघा

"पुढचा कोण? लवकर या! बँक बंद व्हायची वेळ झाली!" जेवणाच्या टेबलामागून ताई ओरडली.

ढब्बू पोट पुढे काढून ऐटीत काउंटरपाशी आला. काउंटर म्हणजे अर्थातच मावशीचं जेवणाचं टेबल. "मॅडम, मला पैसे हवेत. मांजरीच्या दुधासाठी दहा लाख."

"चेक कुठला? बेअरर?"

"हो! चेके अल पोर्तादोर!"

"पैसे कसे देऊ?"

"रोख! एन एफेक्तिवो!"

"सही?"

"फिर्मा!"

"आणि मांजरीच्या खात्यात पैसेच नसले तर?"

"सिन फोंदोस! चेक परत आणि मांजर उपाशी!"

दोघंही खो खो हसत सुटली. टेबलाच्या टोकाला मिरची मात्र हसत नव्हती. जीभ दाताखाली धरून ती एकेका चेकच्या कोपऱ्यात लाल पेनाने दोन तिरक्या रेघा मारत होती. एक चेक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा! दहा वर्षांच्या मिरचीला एखादं काम दिलं, की ते संपेपर्यंत तिच्या कानाशी ढोल वाजवला तरी तिला ऐकू जायचं नाही.

ताई आणि ढब्बू ही सख्खी भावंडं सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. मिरची ही मावशीची मुलगी. मावशी स्पॅनिश शिकवायची, तेही बँकेतल्या लोकांना! कारण गाव बंदराचं होतं. परदेशी बोटी यायच्या, आणि त्यांचे खलाशी बँकेत येऊन भडाभडा बोलायचे. म्हणून इथल्या बँकेची चेकबुकंसुद्धा इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत छापलेली होती. रद्द झालेली जुनी चेकबुकं बँकेने मावशीला सरावासाठी देऊन टाकली होती. ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात असायची. मावशीचा नियम एकच होता: खोक्यातल्या प्रत्येक चेकवर दोन रेघा पडल्याच पाहिजेत. अशा चेकला इंग्रजीत क्रॉस्ड चेक म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये चेके क्रुसादो. त्याचे पैसे कुणाच्या हातात रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. सरावाचा चेक चुकून बाहेर गेला, तरी कुणाचा घोटाळा व्हायला नको!

शिकवणी चालू असताना शेजारी बसून बसून मुलांना हे सगळे शब्द तोंडपाठ झाले होते. गंमत म्हणजे 'हो' आणि 'नाही' सोडलं तर बाकीचं स्पॅनिश त्यांना ओ की ठो येत नव्हतं!

एवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या शिडवाल्या काकू आत आल्या. काकू बोटींची शिडं शिवायच्या. ते जाडजूड कापड हाताने शिवून शिवून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि आता तर अंगठा धड वाकतही नव्हता.

"मावशी कुठे आहे गं?" काकूंनी विचारलं. "माझा चेक न्यायला आलेय."

"ती बँकेतल्या साहेबांची तोंडी परीक्षा घ्यायला शहरातल्या मोठ्या कचेरीत गेलीये. फोनही बंद असेल," ताई म्हणाली. "कुठला चेक?"

"अगं, त्या परदेशी कप्तानाने काल दिलेला! माझ्या कारखान्यात सगळीकडे मेण आणि तेल, म्हणून मावशी म्हणाली, माझ्या टेबलावर राहू दे. आज मला मशीन आणायचंय. पलीकडचं शिडांचं जुनं दुकान बंद होतंय ना, त्यांचं मोठं मशीन! संध्याकाळपर्यंत पैसे नेले नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाणार."

तिघांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर त्यांच्या सरावाच्या चेकांशिवाय काहीच नव्हतं. काकूंचा चेहरा उतरला.

"टेबलावरच ठेवला होता गं," त्या पुटपुटल्या. "मशीन गेलं तर माझं कामच बंद होईल. हे हात आता एक शीडसुद्धा पुरं करायचे नाहीत."

पण ताई म्हणजे हातपाय गाळणाऱ्यातली नव्हे. "काकू, तुम्ही बसा. चेकला पाय फुटत नाहीत. ढब्बू, काल रात्रीपासून या टेबलाला कुणी कुणी हात लावला?"

"आपण. मावशी. आणि..." ढब्बूने गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे मावशीचे यजमान, म्हणजे काका, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते.

"काका!" ताईने वर्तमानपत्र उचललं. "काल टेबल कित्ती छान आवरलं होतं हो! कुणी आवरलं?"

"मीच!" काका डोळे चोळत खूश होऊन म्हणाले. "तुमची मावशी म्हणते, मी घरात काडी हलवत नाही. म्हटलं, दाखवूनच देऊ."

"मग टेबलावरचे कागद कुठे ठेवलेत?"

"कागद कुठले? चेक होते. चेक चेकच्या खोक्यात! मी काय वेंधळा आहे?"

पुढचं ऐकायला तिघं थांबलीच नाहीत. खोकं टेबलावर उपडं झालं. कप्तानाचं खातंही याच बँकेत, म्हणून सगळे चेक सारखेच, तोच निळा रंग, त्याच दोन भाषा!

"खरा कसा ओळखायचा?" ढब्बू हवालदिल झाला.

"सोप्पंय! आपले सगळे चेक येडचाप आहेत," ताई म्हणाली. "हा बघ, केळ्याच्या सालीसाठी पाच लाख. हा, आजोबांच्या टकलाला तेल लावायला दोन लाख. ज्याच्यावर शहाण्यासारखं लिहिलंय तो खरा!"

पटापट हात चालू लागले. आणि ढब्बू किंचाळला, "सापडला! 'अल पोर्तादोर', म्हणजे जो घेऊन जाईल त्याला पैसे! रक्कम नीट, खाली लांबलचक फिर्मा!"

"जिंकलो!" ताईने उडी मारली.

मिरचीने मात्र उडी मारली नाही. ती चेकच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होती. तिथे दोन लाल रेघा होत्या. सरळ, ठसठशीत आणि अगदी सुबक!

"मी... मी खोक्यातल्या सगळ्यांवर मारल्या," ती कशीबशी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं, रेघाच ना? त्याने काय होतंय!" काका म्हणाले.

काय होतं ते सगळी मिळून बँकेत गेली तेव्हा कळलं. कॅशियर मावशीचाच विद्यार्थी होता. त्याने चेक उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. "चेके क्रुसादो! रोख देता येणार नाही. खात्यात भरा."

"माझं खातं दुसऱ्या बँकेत आहे हो," काकू म्हणाल्या. "किती दिवस लागतील?"

"दोन-तीन दिवस तरी लागतीलच."

"पण या रेघा चुकून पडल्यात! आमच्या मिरचीने मारल्यात!" ढब्बू काउंटरवर चढायचाच बाकी होता.

"अरे बाळा, कुणीही मारल्या तरी रेघा त्या रेघाच. आमच्याकडे त्या पुसता येत नाहीत. कप्तानाने नवा चेक दिला तर आत्ता पैसे देतो. पण लवकर करा! दुपारच्या भरतीला त्याची बोट सुटणार, असं तो काल म्हणत होता."

काकू मटकन बाकावर बसल्या. "मावशी नाही. त्या कप्तानाशी बोलणार कोण?"

"आम्ही!" ताई म्हणाली. "काकू, तुम्ही आणि काका मशीनवाल्याकडे जा. काका, तुम्ही त्याला बोलण्यात गुंतवा. काहीही बोला, पण मशीन हलू देऊ नका!"

"ते माझ्यावर सोड. बडबड करायला मला पैसे पडत नाहीत," काका म्हणाले. आपल्या आवराआवरीने काय उद्योग झाला ते आता त्यांना उमगलं होतं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा भरभर चालायला लागले.

काकूंनी चेक ताईच्या हातात दिला. देताना त्यांचं बोट चेकवरून लवकर निघेना. "सांभाळ गं, पोरी. दोन महिन्यांची मेहनत आहे ती."

तिघं धूम पळाली. धक्क्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याने काठी आडवी घातली. "पोरांना आत जायची परवानगी नाही!"

"आम्ही बँकेच्या कामाला आलोय," ताई रुबाबात म्हणाली. "हा कप्तानाचा चेक. रोखायचं असेल तर खुशाल रोखा. फक्त तुमचं नाव सांगा, म्हणजे बँकेत कुणामुळे उशीर झाला ते कळवता येईल."

पहारेकऱ्याने चेक पाहिला, ताईकडे पाहिलं आणि काठी वर केली. काठीखालून ढब्बूच सगळ्यात आधी निसटला.

बोटीचे दोर सोडायची तयारी चालली होती. काकूंनी शिवलेलं पांढरं शीड डोलकाठीशी गुंडाळलेलं होतं. दाढीवाला कप्तान कठड्याशी उभा राहून हुकूम सोडत होता.

"सेन्योर!" ताई ओरडली. कप्तान खाली उतरला. त्याने हसून काहीतरी विचारलं. त्यातलं तिला अक्षरही कळलं नाही. तिने चेक पुढे केला आणि येत होते तेवढे शब्द जुळवले. "चेके क्रुसादो, नो! चेके अल पोर्तादोर, सी!"

कप्तानाच्या भुवया वर गेल्या. त्याने काल दिलेला चेक ओळखला, पण रेघा त्याच्या नव्हत्या. त्याने मान हलवली आणि बोटाने 'एकदा दिला, झालं' अशी खूण केली.

"तो समजतोय की आपण दुसरा चेक उकळायला आलोय!" ताई कुजबुजली. "ढब्बू, काहीतरी बोल!"

ढब्बूला घाम फुटला. घाबरला की त्याच्या तोंडून सगळंच एकदम बाहेर पडायचं. "बांको! फिर्मा! एन एफेक्तिवो! सिन फोंदोस!"

"अरे गाढवा!" ताईने कपाळावर हात मारून घेतला.

कप्तान लालबुंद झाला. त्याच्या खात्यात पैसे नाहीत? त्याचा चेक परत? तो असा काही कडाडला, की दोर सोडणारे खलाशीसुद्धा थबकले. मग तो गर्रकन वळला आणि धक्क्यावरून बोटीवर टाकलेल्या फळीवरून परत निघाला.

आता? ताईच्या मेंदूत एकेक शब्द धावत होता. 'माफ करा' येत नव्हतं. 'चूक झाली' येत नव्हतं. 'थांबा'सुद्धा येत नव्हतं! मग तिला एक शब्द आठवला. मिरचीच्या मुठीत अजूनही असलेलं लाल पेन तिने ओढून घेतलं.

"ताई, काय करतेस?"

"चेक रद्द करतेय."

"वेडी झालीस का? त्याने नवा दिलाच नाही तर काकूंकडे काहीच उरणार नाही!"

"माहितीये!" म्हणत ताईने चेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत 'आनुलादो' लिहिलं. आनुलादो म्हणजे रद्द. मग ती फळीवर धावली, आणि तो चेक तिने कप्तानाच्या हातात ठेवला. "आनुलादो," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण तिने मान खाली घातली नाही.

कप्तान थांबला. ज्यांना फसवायचं असतं, ती माणसं हातातला चेक असा परत करत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. तो गोंधळून ताईकडे बघत राहिला.

तेवढ्यात मिरची पुढे आली. घरातून निघताना फ्रॉकच्या खिशात कोंबलेले मूठभर सरावाचे चेक तिने काढले आणि एकेक करून फळीवर मांडले. मांजरीच्या दुधाचा, केळ्याच्या सालीचा, टकलाच्या तेलाचा! प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोन लाल रेघा होत्या. मग तिने त्या रेघांवर बोट ठेवलं, तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

कप्तानाने एक चेक उचलला. दहा लाख, आणि शेजारी ढब्बूने काढलेली जाडी मांजर! त्याच्या दाढीत हसू फुटलं, ते वाढत वाढत गेलं, आणि शेवटी तो पोट धरून असा हसला की खलाशीही हसू लागले. त्याने मिरचीच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून चेकबुक काढलं आणि तिथेच गुडघ्यावर धरून नवा चेक लिहिला.

"अल पोर्तादोर!" त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

"सी! सी!" तिघंही एकदम ओरडली. मिरचीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते.

बँकेचा शिपाई दार लावायला निघाला होता, तेव्हा तीन घामाघूम मुलं त्याच्या हाताखालून आत शिरली. कॅशियरने चेक तपासला, पुन्हा तपासला, आणि उठून उभा राहिला. "मी वर्षभर तुमच्या मावशीकडे शिकतोय," तो म्हणाला, "पण परदेशी माणसासमोर माझं तोंड अजून उघडत नाही. कमाल केलीत!"

पैसे घेऊन तिघं दुकानात पोचली, तेव्हा काका मशीनवाल्याला आपल्या लहानपणच्या आजारपणांची हकीकत सांगत होते. नुकताच गोवर संपून कांजिण्या सुरू झाल्या होत्या. मशीनवाल्याने पैसे बघताच सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी मशीन काकूंच्या कारखान्यात आलं. परीक्षा आटोपून आलेल्या मावशीने सगळी हकीकत ऐकली. आधी ती काकांकडे बघून डोळे मोठे करून बसली, मग स्वतःशीच म्हणाली, "चूक माझीही आहे. खरा चेक सरावाच्या टेबलावर ठेवायचाच कशाला!" आणि मग तिने तिघांना एकदमच जवळ ओढलं. "माझ्या साहेबांपैकी निम्मे आज नापास झाले. तुम्ही मात्र पहिल्या नंबराने पास!"

"सिन फोंदोस म्हटलं तरी?" ढब्बूने हळूच विचारलं.

"तेवढे मार्क कापले!"

काकूंनी मशीनखाली जाड कापड सरकवलं आणि पायाने फिरवायला सुरुवात केली. घरघर करत टाके पडू लागले. बघता बघता हातभर शिवण झाली. काकू थांबल्या, त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसले.

"ताई," त्या म्हणाल्या, "माझा चेक रद्द करून त्याच्या हातात दिलास, तेव्हा भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," ताई खरं तेच म्हणाली. "तो बोट घेऊन गेला असता तर तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं? पण तो आपल्याला चोर समजत होता, काकू. आधी आपणच विश्वास दाखवल्याशिवाय त्याने तरी का ठेवावा?"

काकू खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी ताईला खांद्याला धरून मशीनसमोर बसवलं.

"मी असते तर दिला नसता गं," त्या म्हणाल्या. "आणि मग आज हे मशीनही आलं नसतं. चल, पाय ठेव खाली. या शिडाची पुढची शिवण तू घालायची."