लंगडं कुत्रं

आत्या त्या दुपारी फिटरला बोलवायला गेली ती सूनबाईच्या हौसेपायी. सूनबाईने भंगारवाल्याकडून गवत कापायचं एक जुनं यंत्र उचलून आणलं होतं. दोन बाजूंना दोन ओतीव लोखंडी चाकं, मधे पिळदार पात्यांचा रूळ आणि मागे लांब लाकडी दांडा. त्याला सोनेरी रंग फासायचा, वर फुलांच्या कुंड्या मांडायच्या आणि फाटकाशी उभं करायचं, असा तिचा बेत. पण यंत्र फाटकातच अडून बसलं. चाकं गंजून अशी धरली होती की ढकललं तर सगळं धूड फरशीवर ओरखडे काढत फरफटायचं. भाचा बायकोला म्हणाला, "छान झालं. आता मी रोज याच्यावरून उडी मारून कामाला जातो."

आत्या म्हणजे या भाच्याची आत्या, पण तिला दूधवालासुद्धा आत्याच म्हणे. ती राहायची भावाच्या घरी, म्हणजे दादाच्या. आईबाप गेल्यावर दोघं एकमेकांना धरून मोठी झाली आणि तशीच म्हातारीही झाली. दादाची बायको गेली, मुलगा कर्ता झाला, सून आली, तरी दुपारचा चहा दोघं मागच्या पायरीवरच प्यायची. सत्तरी ओलांडलेल्या बहिणीला दादा अजून चिमणे म्हणून हाक मारी.

अलीकडे मात्र दादाचं चित्त ठिकाणावर नसे. सकाळी सगळं ठीक. दाढी करील, पेपर वाचील, सुनेच्या चहाला नावं ठेवील. पण ऊन मागच्या भिंतीवरून उतरायला लागलं की त्याची चुळबुळ सुरू.

"चिमणे, कुत्रं आलं का गं?"

"कुठलं कुत्रं, दादा?"

"लंगडं. अण्णांचं."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन जन्म लोटला होता. आणि अण्णांनी उभ्या आयुष्यात कुत्रं पाळलं नव्हतं. कुत्रं दिसलं की ते दगड शोधायचे, गवत उकरतं म्हणून. एकदा भाच्याने बापाची समजूत पटावी म्हणून रस्त्यावरचं खरोखरचं लंगडं कुत्रं बिस्किटं घालून घरात आणलं. दादाने त्याच्याकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय आणलंस? वेड लागलंय का तुला?" त्यावर घर हसून हसून बेजार झालं. आत्या तेवढी हसली नाही.

कारण कुत्रं आलं नाही की दादा ते शोधायला निघे. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभा सापडला, एकदा अनवाणी, पार पुलापाशी. भाचा वाईट नव्हता, पण नवराबायको दिवसभर कामावर, आणि आत्याच्या गुडघ्यांत दादामागे धावायचं बळ नाही. त्याने म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका ठिकाणी जागा बघून ठेवली. महिनाअखेरीस गाडी येणार होती. आत्याला त्याने हळूच सांगितलं. तिने मान हलवली आणि त्या रात्री ती जेवली नाही. जन्मभराची सोबत अशी गाडीत घालून द्यायची म्हणजे काय, हे तिचं तिलाच ठाऊक.

असो. तर फिटर आला. हा शेजारच्या गल्लीतला, गिरणीत यंत्रं दुरुस्त करून म्हातारा झालेला माणूस. बोलायला लागला की थांबत नसे आणि आपलं कधी काही चुकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने यंत्राभोवती फेरी मारली आणि सूनबाईच्या हातातला सोनेरी रंगाचा डबा बाजूला ठेवला.

"आधी हे कोण आहे ते कळू दे. नवरीचं तोंड बघायच्या आधी हळद लावता काय?"

तो चाकावरचा रंग खरवडायला लागला. चंदेरी निघाला, त्याखाली लाल, त्याखाली गर्द हिरवा. हिरव्याखाली ओतीव अक्षरं लागली, पण पुढची घासून गेलेली, शेवटची दोन-तीनच काय ती शिल्लक. "आडनाव उरलंय, नाव गेलंय," फिटर म्हणाला. मग त्याने दांड्याची मूठ हाताळली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे बघा. ढकलून झिजते तर मूठ मागून झिजते, तळव्याने. ही पुढून झिजलीय, बोटांनी. कुणीतरी हे ढकलण्याइतकंच मागे ओढायचं. अडाणी माणूस असणार. टोकाला गेलं की वळवायचं सोडून उलटं ओढत आणायचं, ही काय रीत झाली?"

आत्याच्या हातातला पेला तिथेच थांबला.

अण्णा एका मोठ्या आवाराचे माळी होते. आवाराला लांबच लांब हिरवळ, आणि तिच्या एका टोकाला या लोकांची खोली. अण्णा खोलीच्या पायरीपासून यंत्र ढकलत पार पलीकडे जायचे. टोकाला यंत्र वळवलं की गवताची मुळं पिळवटतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते वळत नसत. तसेच मागे मागे चालत, यंत्र ओढत पायरीपर्यंत यायचे. मुलांना बाप जाताना पाठमोरा दिसायचा आणि येतानाही पाठमोराच. टाच पायरीला लागली की मगच ते मान वळवून म्हणायचे, "आहेस का रे?" आणि दादा म्हणायचा, "आहे ना, अण्णा." रोजचा खेळ होता तो बापलेकांचा.

एवढं आत्याला आठवत होतं. बाकीचं फिटरने आठवून दिलं, त्याच्याही नकळत. घासलेट ओतून, ठोकून ठोकून त्याने दोन्ही चाकं मोकळी केली, एकातून बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा काढला आणि तळहातावर धरला.

"आणि हे याचं कुत्रं."

"काय म्हणालात?" आत्या म्हणाली.

"कुत्रं. सायकलच्या मागच्या चाकात असतात ना, तसंच. दोन चाकांत दोन. ढकललं की दात धरतात, पाती फिरतात. ओढलं की दातांवरून उड्या मारतात, टक टक वाजतात. हे इकडचं कारखान्यातलं आहे. पण हे दुसऱ्या चाकातलं बघा, कुणीतरी घरीच घासून केलेलं, एका बाजूने तोकडं. उलथन्याचं टोक दिसतंय. हे लंगडं कुत्रं."

आईचं उलथनं टोकाविना होतं. आत्याने लहानपणभर त्याच तुटक्या उलथन्याचं खाल्लं होतं, आणि ते कुणी तोडलं ते कधी विचारलं नव्हतं.

ती आत जाऊन दादापाशी बसली. जाताना नुसतं सर्र, येताना टक… टिण. टक… टिण. तो आवाज तिच्या कानात परत आला होता. आणि ती दुपारही. अण्णा सर्र करत गेले, मुलं पायरीवर बसली, ऊन उतरलं, आणि टक टिण काही आलंच नाही. पलीकडच्या टोकाला मोठी माणसं धावत गेली. यंत्र तिकडेच तोंड करून उभं होतं आणि अण्णा त्याच्यापाशी आडवे. मुलांना आत घेतलं गेलं. यंत्र पुढे आवारवाल्यांनी कुठे टाकलं कुणास ठाऊक. बाप गेल्याचा आवाज दादाने ऐकला होता. आल्याचा ऐकायचा राहिला होता.

आत्याने मनाशी ठरवलं. यंत्र कुंड्या ठेवायला नाही, चालायला करायचं. सूनबाई जरा फुगली, पण कारण कळल्यावर तिनेच सोनेरी डबा परत केला. फिटरने पात्यांचा गंज काढला, दिसायला लोण्यासारखा पण हाताला खरखरीत असा लेप लावला आणि रूळ उलटा फिरवून फिरवून धार आणली. या यंत्राला धार लावायची तर ते उलटंच फिरवावं लागतं. मग पाती आणि खालची पट्टी यांच्यामधे कागद धरून बघितला. कात्रीने कापावा तसा सळसळून कापला गेला. मागच्या पायरीपासून भिंतीपर्यंत गवताचा पट्टा होता, तिथे यंत्र नेलं. दादाला पायरीवर खुर्ची दिली.

फिटर ढकलत गेला, ओढत आला. टक टक, टक टक. घड्याळासारखं.

दादाने ऐकलं आणि तोंड फिरवलं. "हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

आत्याने फिटरकडे बघितलं. तो म्हणाला, "लंगडं काढून नवं घातलं मी. फुकट घातलं, वर आणि तोंड पाडता." आत्याने कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि ते तोकडं कुत्रं शोधून त्याच्या हातावर ठेवलं. बडबडत बडबडत त्याने ते परत बसवलं.

टक… टिण. टक… टिण.

दादाने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी तो त्या खुर्चीत माणसासारखा टेकून बसला, आणि अंधार पडला तरी फाटकाकडे गेला नाही.

मग रोजचंच झालं. ऊन उतरलं की फिटर नाहीतर भाचा यंत्र एकदा नेऊन आणी. दादा शांत. भाच्याने गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. आत्याला वाटलं, मिळवलं आपण.

एके दिवशी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मागून आवाज आला. टक… टिण. आज फिटर लवकर आला, असं म्हणून तिने एक कप जास्त मांडला. तेवढ्यात पुढच्या दारातून फिटर आत आला, चप्पल काढत.

आत्या मागे गेली. यंत्र छपरीत, पोत्याखाली, जसंच्या तसं. दादा खुर्चीत. ओढताना पाती फिरत नाहीत, तरी गवतावर भिंतीपासून थोडा पट्टा नुकताच कापलेला… ओल्या गवताचा वास सुटलेला.

"कोण होतं रे, दादा?"

"अण्णा. अजून लांब आहेत. पाठ दिसते नुसती."

तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आवाज भिंतीपासून निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. कापलेला पट्टाही तिथवरच. तिसऱ्या दिवशी त्याहून अलीकडे. दादाची कळी खुलत चालली होती. तो भांग पाडून बसायला लागला होता.

"उद्या वळतील बघ," तो म्हणाला.

अण्णा वळायचे ते पायरीशी. आणि वळले की विचारायचे. आणि दादा काय उत्तर देईल, ते तिला ठाऊक होतं.

ती तशीच फिटरकडे गेली. "दोन्ही कुत्री काढून द्या मला." त्याने कारण विचारलं, तिने सांगितलं नाही, आणि तिचा चेहरा बघून तो पाना उचलून तिच्यामागे निघाला. ते तुकडे तिने गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातले आणि डबी आपल्या उशीखाली ठेवली. यंत्र मुकं झालं. आता ढकललं काय नि ओढलं काय, चाकं नुसती फिरत, आवाज नाही आणि पातीही हलत नाहीत.

दादा दुपारभर वाट बघत बसला. मग म्हणाला, "चिमणे, तू कुत्रं बांधून ठेवलंस?"

"नाही रे."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही, लहानपणी तिने त्याची गोटी लपवली की बघायचा तसा. तिन्हीसांजेला तो पुन्हा फाटकाबाहेर गेला. लोकांनी धरून आणला, गुडघा फुटलेला. भाच्याने रात्री गाडीवाल्याला परत फोन केला. उद्या संध्याकाळी या म्हणाला, आणि मग बापाच्या गुडघ्याला पट्टी बांधायला बसला.

आत्याला रात्रभर डोळा लागला नाही. डबी उघडली तर दादा जाणार, मिटली तरी जाणारच. फक्त कुणाबरोबर, एवढंच तिच्या हातात होतं… आणि तेही आहे की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी ती दादाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. डबी तिच्या शेजारी, तिच्या डोळ्यांसमोर. ऊन भिंतीवरून उतरलं.

टक… टिण.

तिने डबीवर हात ठेवला. डबी बंद होती.

टक… टिण… टक… टिण… आवाज अर्ध्या वाटेवर थांबेल, असं तिला वाटलं. थांबला नाही. अलीकडे आला, आणखी अलीकडे… न्हाणीघराची खिडकी ओलांडली… आणि पायरीला काहीतरी हलकेच टेकलं. टाच टेकावी तसं.

मग काही नाही. चिमणीचासुद्धा आवाज नाही. कुणी काही विचारलेलं आत्याने ऐकलं नाही. तिने ऐकलं ते फक्त उत्तर. स्वच्छ, पोरगेलं, हसऱ्या आवाजातलं.

"आहे ना, अण्णा."

ती मागच्या दारात पोचली तेव्हा दादा खुर्चीत मान जराशी वर करून बसला होता, उभ्या माणसाकडे बघावं तसा. गेला होता. भिंतीपासून पायरीपर्यंत गवताचा पट्टा सरळ कापलेला, आणि त्यातली प्रत्येक काडी घराकडे झुकलेली. यंत्र छपरीत, पोत्याखाली, कोरडं ठणठणीत.

संध्याकाळी गाडी आली ती रिकामीच गेली. यंत्र पुढे भाच्याने भंगारवाल्याला परत दिलं. त्याला ते डोळ्यांसमोर नको होतं. डबीचं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळं आटोपल्यावर आत्याने ती उघडली. कारखान्यातलं कुत्रं गंजकं, कोरडं. तोकडं ओलं होतं, आणि त्याच्या दातात ताज्या गवताची हिरवी काडी अडकली होती.

आता दुपारचा चहा आत्या एकटीच पिते, पायरीवर. गवत वाढलंय, कुणी कापत नाही. काल ऊन उतरताना पार भिंतीपाशी काहीतरी वाजलं, अगदी बारीक. सूनबाई आतून म्हणाली, "आत्या, काही पडलं का हो?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "अजून लांब आहे."

आणि पाय आखडून घेऊन तिने पायरीवर थोडी जागा केली.